एकाच पायांच्या वेगवेगळ्या वेळा

रत्नागिरीच्या आसपास धावण्यासाठी सपाट रस्ता मिळत नाही. इथला कोणताही किनारी रस्ता खाडीवरच्या पुलावरून निघतो, वळणे घेत जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, चढतो, सड्यावर थोडा वेळ सरळ जातो आणि लगेच पुढच्या खाडीकडे उतरू लागतो. भाट्याच्या पुलावरून पावसच्या दिशेने जा किंवा शिरगाव, काळबादेवी, आरे-वारे करत गणपतीपुळ्याकडे जा, चढ-उतारांचा हिशेब तोच राहतो. त्यामुळे बँकेतील सहकारी जेव्हा विचारतात, “मॅडम, तुमचा हाफ मॅरेथॉनचा टाइम किती?” तेव्हा मला उलट विचारावे लागते, “कुठला?” हा प्रश्न त्यांना उडवाउडवीचा वाटतो. परंतु गेली काही वर्षे वेगवेगळ्या ठिकाणच्या स्पर्धांत धावल्यावर माझे मत पक्के झाले आहे की एका गावची वेळ दुसऱ्या गावात चालत नाही, आणि हौशी धावपटूंना निराश करण्यात तब्येतीपेक्षा आणि सरावाच्या अभावापेक्षा या चुकीच्या तुलनेचाच वाटा मोठा असतो.

चढापेक्षाही अधिक छळते ती दमट हवा. घाम आल्याने शरीर थंड होत नाही, तो वाळल्याने होते, आणि हवेतच बाष्प ठासून भरलेले असेल तर घाम नुसता निथळत राहतो, वाळत नाही. नवखे धावपटू पहाटेचे तापमान पाहून खूश होतात. पण पहाटे हवा सर्वांत थंड असते तशीच तेव्हाची सापेक्ष आर्द्रताही दिवसभरातील सर्वाधिक असते, हे त्यांच्या लक्षात येत नाही. हिवाळ्यात जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा थोडा आधार देतो. ऑक्टोबरमध्ये तोही पडलेला असतो. अशा वेळी त्वचेकडे जास्त रक्त पाठवावे लागते आणि घामावाटे रक्तातील द्रवही घटतो, म्हणून वेग तोच ठेवला तरी हृदयाचे ठोके मात्र किलोमीटरगणिक वाढत जातात. घड्याळाकडे पाहून वेग टिकवू पाहणारा धावपटू इथे दहाव्या किलोमीटरनंतर हमखास बसतो. आमच्या गटात म्हणूनच एक साधा नियम आहे, लांब पल्ल्याच्या सरावात शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. बोलणे तुटू लागले की वेग कमी करायचा, मग घड्याळ काहीही सांगो.

समुद्रकिनारी राहून वाळूवर का धावत नाही, असेही पुष्कळ लोक विचारतात. धावतो, परंतु त्यासाठी पंचांग पाहावे लागते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते, हा हिशेब किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना तोंडपाठ असतो. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, म्हणजे पहाटे धावायला जागाच नाही. पौर्णिमेला आणि अमावास्येला भरती अकराच्या पुढे, म्हणजे पहाटे ओहोटी आणि ओली, घट्ट, रुंद पुळण. गुहागरचा किनारा त्या वेळी धावण्यासारखा दुसरा नाही. मात्र पुळणीला समुद्राकडे उतार असतो आणि एकाच दिशेने फार वेळ धावले तर एका बाजूचा गुडघा आणि कंबर तक्रार करू लागतात, म्हणून जितके जायचे तितकेच त्याच पट्ट्यावरून परत यायचे. पावसाळ्यात हेही बंद होते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या जिल्ह्यात जून ते सप्टेंबर या काळात शेवाळलेल्या कडेवरून पाय घसरू न देणे हाच अर्धा सराव असतो.

या भूगोलाचा पहिला उघड फायदा मला साताऱ्यात झाला. २०१२ पासून होणाऱ्या सातारा हिल हाफ मॅरेथॉनमध्ये शहरातून बाहेर पडून यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्यावरून मागे फिरायचे आणि त्याच घाटाने खाली यायचे, असा मार्ग असतो. पावसाळा सरत आलेला असतो, घाटात धुके असते, रस्त्याच्या कडेला ढोल-ताशे आणि लेझीम घेऊन शाळकरी मुले उभी असतात. सगळ्यांना भीती चढाची असते. प्रत्यक्षात पाय मोडतात ते उतारावर. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच आकुंचन पावून प्रत्येक पावलाला शरीराचा वेग आवरत असतो आणि त्यात त्याच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना जी कळ येते ती यामुळे. मुंबई-पुण्याचे सपाटीवरचे वेगवान धावपटू घाटमाथ्यावरून लांब ढांगा टाकत खाली जातात आणि शहराच्या वेशीवर त्यांच्या पोटऱ्यांत गोळे येतात. आम्हा किनाऱ्यावरच्यांना आखूड, झटपट पावले टाकण्याची सवय खाडीच्या उताराने लावलेली असते. तिथली माझी वेळ मुंबईच्या वेळेपेक्षा बरीच जास्त आहे आणि तरीही मी ती अधिक चांगली मानते.

मुंबईची मॅरेथॉन हा निराळा विषय आहे. २००४ मध्ये सुरू झालेली आणि जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी होणारी ही स्पर्धा हौशी धावपटूला एरवी न मिळणाऱ्या दोन गोष्टी देते, रिकामा रस्ता आणि रस्त्याच्या कडेला माणसे. वांद्रे-वरळी सागरी सेतूवर एरवी पायी जाण्यास मनाई असते. त्या पहाटे त्यावर हजारो बुटांचा आवाज असतो. आदल्या रात्री मी दादरला मावशीकडे उतरते आणि ती अडीच वाजता उठून उकड्या तांदळाची मऊ पेज मीठ घालून करून देते. एनर्जी जेल बाजारात येण्याच्या कितीतरी आधीपासून कोकणात हे खाणे पहाटे शेतावर जाणाऱ्यांसाठी होतेच. पोटाला हलकी, पचायला सोपी आणि पिष्टमय असल्याने ती उपयोगी पडते. तिच्यात जादू काही नाही.

पूर्ण मॅरेथॉनची खरी परीक्षा परतीच्या वाटेवर, पस्तिसाव्या किलोमीटरच्या आसपास येणाऱ्या पेडर रोडच्या चढावर होते. स्नायूंत आणि यकृतात साठवलेले ग्लायकोजेन बहुतेकांना तीसेक किलोमीटर पुरते. त्यानंतर शरीर चरबीवर अधिक अवलंबून राहते आणि चरबीतून ऊर्जा मिळण्याचा वेग कमी असतो, म्हणून पाय जड होतात. याला धावपटू ‘वॉल’ लागली असे म्हणतात. पेडर रोडचा चढ आमच्या आरे-वारेपुढे किरकोळ आहे. तो जड वाटतो तो केवळ येतो त्या ठिकाणामुळे. दुतर्फा उभे असलेले रहिवासी संत्र्याच्या फोडी, बिस्किटे आणि मीठ हातावर ठेवत असतात. त्यांतले मीठ मी कधी नाकारत नाही. घामावाटे सोडियम जात असते आणि त्याच्या बदल्यात कित्येक तास नुसते पाणीच ढोसत राहिले तर रक्तातील सोडियम पातळ होते. मळमळ, डोकेदुखी, गोंधळल्यासारखे वाटणे ही त्याची लक्षणे असतात आणि प्रकरण जिवावरही बेतू शकते. संथ धावपटूंना हा धोका अधिक असतो, कारण ते रस्त्यावर जास्त वेळ असतात आणि प्रत्येक टेबलापाशी थांबून पितात. मी कमरेच्या पट्ट्यातील बाटलीत कोकमाचे आगळ, म्हणजे खारवलेला दाट रस, पातळ करून नेते. आगळात मीठ मुळातच असते, साखर तेवढी घालावी लागते.

मुंबईतच घड्याळावरचा माझा उरलासुरला विश्वास उडाला. बेचाळीस किलोमीटर एकशे पंच्याण्णव मीटर हे अंतर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये धावले गेले आणि १९२१ मध्ये प्रमाण ठरले. प्रमाणित मार्ग मोजताना चाकाचे माप नीट बसवलेली सायकल शक्य तितक्या जवळच्या रेषेने चालवतात आणि अंतर चुकूनही कमी भरू नये म्हणून हजारी एक, म्हणजे पूर्ण मॅरेथॉनला सुमारे बेचाळीस मीटर, जादा धरतात. आपण मात्र गर्दीतून वाट काढत, वळणावर बाहेरून, पाण्याच्या टेबलासाठी तिरके धावतो. शिवाय उंच इमारतींमध्ये उपग्रहाचा संकेतही भरकटतो. मग घड्याळात अंतर पाच-सहाशे मीटर जास्त दिसते आणि लोक आयोजकांनी मार्ग चुकीचा मोजल्याचा आरोप करतात. तो बहुधा खरा नसतो.

आयोजकांना दोष द्यायचाच तर तो पाण्यावरून द्यावा. एका लहान शहरातील स्पर्धेत, जिचे नाव घेण्याचे कारण नाही, शेवटच्या दोन टेबलांवर आम्ही पोहोचलो तेव्हा रिकामे पेले तेवढे उरले होते. ऊन चढलेले होते आणि आमच्यामागे अजून बरीच माणसे येत होती. पुढे धावणाऱ्यांना पाण्याची गरज कमी वेळ असते, मागच्यांना दुप्पट वेळ, आणि पाणी संपते ते मागच्यांचे. स्पर्धेचा दर्जा पदकाच्या वजनावरून किंवा टी-शर्टच्या कापडावरून ठरवणाऱ्यांनी एकदा शेवटच्या शंभर जणांत धावून पाहावे. त्या दिवशी वाटेतल्या एका घरातील आजींनी हंड्यातले पाणी दिले आणि “कुणासाठी धावतेस गो?” असे विचारले. धापेमुळे माझे उत्तर राहूनच गेले.

लडाखला मी अर्धमॅरेथॉनसाठी गेले. सप्टेंबरमध्ये होणारी ही स्पर्धा साडेतीन हजार मीटर उंचीवरच्या लेहमध्ये असते आणि त्याच सोहळ्यात खारदुंग ला ही खिंड ओलांडणारी बहात्तर किलोमीटरची शर्यतही असते, तिच्या वाटेला मी जाणार नाही. समुद्रसपाटीच्या तुलनेत तिथे श्वासागणिक सुमारे दोन तृतीयांश प्राणवायू मिळतो. म्हणून आधी बरेच दिवस नुसते राहायचे, हळूहळू चालायचे आणि शरीराला सवय होऊ द्यायची. मला नवल वाटले ते मात्र घामाचे. रत्नागिरीत दोन किलोमीटरांत चिंब होणारा सदरा तिथे शेवटपर्यंत कोरडा राहिला. घाम येत होता, पण कोरड्या हवेत तत्क्षणी वाळत होता आणि मागे कपाळावर मिठाचा पांढरा थर राहत होता. घाम दिसत नाही म्हणून पाणी न पिणारे तिथे फसतात. शेवटचा टप्पा लेह गावाकडे चढत येतो. पाय धावायला तयार होते आणि श्वास नव्हता, म्हणजे आमच्याकडच्या ऑक्टोबरच्या नेमके उलटे. त्या चढाचा बराच भाग मी चालत पार केला. ती माझी सर्वांत संथ अर्धमॅरेथॉन आहे.

आमच्या गटातील एक साठी ओलांडलेले काका दक्षिण आफ्रिकेतील कॉम्रेड्स या शर्यतीची तयारी आरे-वारेच्या घाटात करतात. डर्बन आणि पीटरमॅरित्झबर्ग यांच्यामधले सुमारे नव्वद किलोमीटर, १९२१ पासूनची परंपरा आणि बारा तासांची मर्यादा. बारा तास पूर्ण झाले की बंदूक वाजते आणि त्यानंतर एका सेकंदाने पोहोचलेल्यालाही पदक मिळत नाही. काकांना हा कठोरपणा आवडतो. मला तो अन्यायाचा वाटतो आणि आमचा यावर दर रविवारी वाद होतो.

मला अधिक भावली ती मुंबईत स्वातंत्र्यदिनी होणारी बारा तासांची अल्ट्रा, म्हणजे मॅरेथॉनहून लांब पल्ल्याची धाव. इथे अंतर ठरलेले नसते, वेळ ठरलेली असते. ठरावीक मार्गावर फेऱ्या मारत राहायचे आणि बारा तासांत जितके होईल तितके करायचे. कुणी मॅरेथॉनएवढे अंतर करून वडापाव खात बसतो, कुणी शंभरी गाठायला बघतो, पण वेळ सर्वांची सारखीच. ऑगस्टचा पाऊस, मधेच पडणारे ऊन, भिजलेल्या मोज्यांनी आलेले फोड, दर फेरीला समोरून येणारे तेच ओळखीचे चेहरे. सहाव्या तासानंतर लोक वेग विचारत नाहीत, व्हॅसलीन आहे का ते विचारतात. मी चालत-धावत साठ किलोमीटरच्या पुढे गेले. दमट हवेची सवय त्या दिवशी जितकी उपयोगी पडली तितकी दुसऱ्या कुठल्याही स्पर्धेत पडली नाही, कारण दुपारच्या दोनच्या सुमारास माझ्यापेक्षा तरुण आणि वेगवान मंडळी सावलीत बसली होती आणि मी माझ्या रत्नागिरीच्या चालीने फेऱ्या मारत होते.

मोठ्या स्पर्धांच्या अर्जात आधीची वेळ आणि तिचे प्रमाणपत्र मागतात आणि त्यावरून सुरुवातीला कोणत्या गटात उभे राहायचे ते ठरते. चढाची वेळ आणि सपाटीची वेळ असे वेगळे रकाने तिथे नसतात. घरातील आणि गटातील सगळ्यांचा सल्ला होता की सपाट मार्गावरची जुनी चांगली वेळ द्यावी, म्हणजे पुढे उभे राहता येईल. यंदा मी साताऱ्याची दिली आहे. त्यामुळे मागच्या गटात जागा मिळेल आणि पहिले दोन किलोमीटर गर्दीत रेंगाळावे लागेल. पण सावकाश निघून सागरी सेतूनंतर एकेकाला ओलांडत जाणे मला पुढे उभे राहून सगळ्यांना जाऊ देण्यापेक्षा केव्हाही परवडते.