एमटीबी हिमालयची तयारी: सामान उतारासाठी भरा

महाराष्ट्रातून एमटीबी हिमालय या माउंटन बाइक सायकलच्या अनेक दिवसांच्या स्पर्धेला निघणारा जवळपास प्रत्येक जण एकच विचारतो: चढ जमतील का? वर्षभर सिंहगड केला असेल, भर पावसात ताम्हिणी आणि वरंधा झाले असतील, लागोपाठ दोन-तीन दिवस लांब सायकल चालवायची सवय असेल, तर जमतात. हळू चढाल, पण चढाल. माणसं खचतात ती उतारावर आणि संध्याकाळी ओल्या कपड्यांत तंबूत बसल्यावर. म्हणून सामान भरताना चढाचा विचार बाजूला ठेवा, असं माझं ठाम मत झालं आहे.

ही स्पर्धा हिमाचलात 2005 साली सुरू झाली. पावसाळा सरल्यावर, रोज एक टप्पा, वेळ मोजून. रात्रीचा मुक्काम तंबूत. मार्ग बदलत राहतो, त्यामुळे यंदाचा नकाशा हातात आल्याशिवाय टायर विकत घेऊ नका. आमच्या वाट्याला नारकंडा, सतलजकाठचं लुहरी आणि जलोडीची खिंड आली. नारकंडा 2,700 मीटरवर आहे आणि लुहरी हजार मीटरच्याही खाली. डोणज्याहून सिंहगडाचा रस्ता साधारण 600 मीटर चढतो. इथे त्याच्या जवळजवळ तिप्पट उंची एका दमात उतरायची. वर देवदारांच्या सावलीत बोटं आखडलेली असतात आणि नदीकाठी पोचेपर्यंत जर्सी घामाने अंगाला चिकटते.

तेव्हा पहिला खर्च ब्रेकवर करा. डिस्क ब्रेकमध्ये चाकावरच्या चकतीला (रोटरला) दोन्ही बाजूंनी पॅड दाबले जातात. त्यातले रेझिनचे, म्हणजे मऊ पॅड आवाज करत नाहीत आणि घाटात आपल्याकडे छान चालतात, पण ओल्या मातीत ते बघता बघता झिजतात आणि लांब उतारावर तापले की ब्रेकचा लिव्हर दाबूनही सायकल थांबेनाशी होते. मेटॅलिक, म्हणजे धातूमिश्रित पॅड लावा. त्याआधी रोटरवर काय लिहिलंय ते वाचा, कारण काही रोटर फक्त रेझिनसाठीच बनवलेले असतात. जलोडीहून शोजा गावाकडे उतरणारा रस्ता अतिशय तीव्र, त्यात सुटे दगड. आदल्या रात्री पाऊस झाला होता. त्या संध्याकाळी तंबूतल्या सोबत्याने मागचे पॅड काढून हातावर ठेवले, तर एका बाजूचा थर पूर्ण गेलेला आणि पत्र्याची कड रोटरला घासून निळसर पडलेली. जादा जोडी त्याच्याकडे होती, पण वेगळ्या आकाराची, कॅलिपरमध्ये, म्हणजे पॅड धरणाऱ्या भागात, बसेचना. पुढच्या टप्प्यासाठी दुसऱ्या एका सायकलस्वाराने आपली जोडी काढून दिली, म्हणून तो निघू शकला. तुम्ही दोन जादा जोड्या न्या, आणि घरी एकदा प्रत्यक्ष बसवून, पंधरा-वीस वेळा जोरात ब्रेक मारून त्या मुरवून घ्या. कोरे पॅड थेट उतारावर नेऊ नयेत. उतरताना ब्रेक सतत धरून ठेवू नका; वळणाआधी जोरात दाबा, मग पूर्ण सोडा, म्हणजे रोटरला गार व्हायला वेळ मिळतो.

डिरेलर हँगर, म्हणजे मागचा गिअर बदलणारा भाग फ्रेमला जोडणारा तुकडा, प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो आणि शिमल्याच्या पुढे तो मिळेल या भरवशावर राहू नका. एक जादा हँगर, चेनच्या स्पीडप्रमाणे (मागच्या गिअरच्या संख्येप्रमाणे) तुटलेली चेन जोडायच्या दोन क्विक लिंक, टायर फाटला तर आतून लावायला दुधाच्या जाड पिशवीचा तुकडा. टायर ट्यूबलेस असले तरी एक ट्यूब सोबत हवीच. ट्यूबलेस टायरमधलं भोक बुजवणारं द्रव, सीलंट, निघण्याच्या आठवड्यात ताजं भरा. हवेचं गणितही बदलतं: पुण्यात 22 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरलेला टायर 3,100 मीटरच्या जलोडीवर 25-26 च्या आसपास दाखवतो, कारण बाहेरच्या हवेचा दाब तिथे कमी असतो. गारठ्याने त्यातला थोडा उतरतो, पण सूचीपर्णी झाडांच्या सुयांनी झाकलेल्या वाटेवर उरलेला फरकही जाणवतो. दाब मोजायचा छोटा गेज ठेवा, रोज सकाळी तपासा.

मोठी बॅग गाडीतून पुढच्या मुक्कामी जाते आणि ती भरण्यातच तुमची रात्र सुखाची की दुःखाची ते ठरतं. मी प्रत्येक दिवसाचा संच वेगळ्या झिपच्या पिशवीत भरतो: बिब (खांद्यावरून पट्टे असलेली सायकलची चड्डी), जर्सी, मोजे, त्या दिवसाचं खाणं, इलेक्ट्रालचं पाकीट. पहाटे हेडटॉर्चच्या उजेडात हात आखडलेले असताना शोधाशोध करायला लागू नये, एवढ्यासाठी. झोपायचे कपडे एका जाड प्लास्टिकमध्ये बांधून टाका आणि काहीही झालं तरी ते सायकलवर घालू नका. कोरडे मोजे आणि कोरडी बनियन यांच्या जोरावर माणूस दुसऱ्या दिवशी उभा राहतो. स्लीपिंग बॅग घेताना तिच्यावरचा कम्फर्टचा आकडा, म्हणजे किती तापमानापर्यंत आरामात झोप लागेल तो, बघा, त्याखालचा लिमिटचा आकडा बघून भुलू नका. शिमल्यातून जुनी वर्तमानपत्रं उचला; ओल्या बुटांत रात्रभर कोंबून ठेवली की बरंच पाणी शोषून घेतात.

पाठीवरच्या पिशवीत मात्र विंडचीटर आणि पूर्ण बोटांचे जादा हातमोजे हवेतच, मग खाली कितीही ऊन असो. चढ संपला की थांबा, विंडचीटर घालून त्याची चेन लावा, मग उतरा. मिनिटभर गेलं तर जाऊ द्या.

खाण्याचं फार सांगत नाही. कॅम्पवर राजमा-भात, डाळ भरपूर असते. वाटेत मला चिक्की, खजूर आणि राजगिऱ्याचे लाडू पाकिटातल्या एनर्जी जेलपेक्षा जास्त सोसले. पोट बिघडलं तर मेतकूट सोबत असू द्या. गरम भात आणि चमचाभर तूप कॅम्पच्या स्वयंपाकघरात मागितलं तर मिळतं.

प्रवासाबद्दल दोनच गोष्टी. सायकल खोक्यात भरताना रोटर काढून पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवा आणि कॅलिपरच्या पॅडांत पुठ्ठ्याची घडी सरकवा, कारण प्रवासात चुकून लिव्हर दाबला गेला तर पॅड ढकलणारे पिस्टन पुढे येऊन अडकतात. पॉवर बँक विमानात हातातल्या बॅगेतच चालते. टायर फुगवायच्या सीओटू वायूच्या काडतुसांच्या भानगडीत न पडता चांगला हातपंप घ्या.

शिमला 2,200 मीटरवर आहे. स्पर्धेच्या दोन-तीन दिवस आधी तिथे पोचा, म्हणजे उंचीची सवय होईल आणि विमानात खोक्याला काय झालंय तेही कळेल. मशोबऱ्याकडे एक सावकाश फेरी मारा, रोटर खरखरतोय का ते ऐका, आणि परत आल्यावर सगळे बोल्ट एकदा टॉर्क रेंचने, म्हणजे ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या पान्याने, आवळून घ्या.