लॉ कॉलेजचे जुने वार्षिक अंक: फ्रीजरमधला अंक एकदाचा उघडला

माझ्या संग्रहात मागच्या वेळी १४ अंक होते, आता १७ झालेत. दोन पस्तीवाल्याकडचे (म्हणजे रद्दीवाला). बडोद्याच्या दांडिया बाजारात आतल्या गल्लीत बसतो तो, एरवी किलोवर विकतो पण माझ्या हातात दिसलं की 'बेन, आ तो एन्टिक छे' सुरू, म्हणून हल्ली भाच्याला पुढे करते.

तिसऱ्याची गोष्ट मोठी आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीला पूर आला तेव्हा एका ओळखीच्यांच्या तळमजल्यावर पाणी शिरलं आणि कपाटाचा खालचा खण गेला, त्यात हा अंक. फोनवर मी एकच ओरडले, वाळवू नका! साधा कागद भिजला तर फुगतो, डाग पडतात, पण वाचता तरी येतो. फोटोंची पानं आर्ट पेपरची, त्यावर चिनी मातीचा गुळगुळीत लेप असतो, तो ओला होऊन तसाच वाळला की पानांची वीट होते, मग देवसुद्धा सोडवू शकत नाही. म्हणून अंक पिशवीत बांधून थेट फ्रीजरमध्ये, मटारशेजारी. सासूबाईंनी दोनदा कोथिंबीर समजून बाहेर काढला.

या महिन्यात धीर केला. अर्धवट वितळू दिला, मग बोथट सुरीने एकेक पान सोडवत मधे बटर पेपर घालत गेले, रात्रीचे दोन वाजले. ८ फोटोपानांपैकी ६ सुटली. एका ग्रुप फोटोतल्या मागच्या रांगेचे चेहरे समोरच्या जाहिरातीवर उमटलेत, उलटे. पुढची रांग मात्र शाबूत आहे, सगळे बुटात आणि डावीकडून तिसरा अनवाणी! कॅप्शनमध्ये नाव आहे, कारण नाही.

नवीन लोकांसाठी: स्कॅन करताना १२०० डीपीआयच्या (इंचाला किती ठिपके टिपायचे ते माप) नादी लागू नका. ब्लॉकवर (धातूच्या ठशावर) छापलेला फोटो म्हणजे नुसते ठिपके, स्कॅन वाढवला की ठिपकेच मोठे होतात. ६०० ला घ्या, मग डीस्क्रीन करा (छपाईचे ठिपके घालवणारं सेटिंग), बास.

मला स्वतःला फोटोंपेक्षा 'माजी विद्यार्थी' हे पान जास्त आवडतं, लेख तर मी बरेचदा उलटवतेच (सगळ्यांना गांधी आणि कायदा यावरच लिहायचं असतं). पन्नाशीच्या दशकातल्या अंकांत कोणी प्लीडर (खालच्या कोर्टांतले वकील), कोणी अ‍ॅडव्होकेट, आणि मोठी झेप म्हणजे मुंबई हायकोर्ट. १ मे १९६० ला गुजरातचं वेगळं हायकोर्ट झालं तशी पुढच्या अंकांत मुंबई कमी होऊन अहमदाबाद दिसायला लागतं. मग १९६१ चा अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट आला, वकिलांचा एकच वर्ग ठरला, आणि माझ्या गठ्ठ्यात हळूहळू प्लीडर संपतात. एकाच गृहस्थांच्या नावापुढचा शब्द तीन अंकांत बदललेला सापडला तेव्हा मी एकटीच हसत बसले.

आता १९७३-७४ च्या अंकाबद्दल. दोन वर्षं शोधतेय, तुमच्यातल्या निम्म्या लोकांना मेसेज टाकून झालेत. परवा पस्तीतला १९७४-७५ चा अंक नीट उघडला तर आत पहिल्याच पानावर 'जोड अंक' लिहिलेलं, दोन्ही वर्षांचा मिळून एकच. म्हणजे वेगळा निघालाच नव्हता! गुजरातमधल्या विद्यार्थ्यांच्या नवनिर्माण आंदोलनाचं वर्ष ते, विद्यार्थी रस्त्यावर, फेब्रुवारी ७४ मध्ये मुख्यमंत्री चिमणभाई पटेलांना राजीनामा द्यावा लागला, अशात संपादक मंडळ कोण बसवणार. हे माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं.

हव्या असलेल्या अंकांच्या यादीतून ती ओळ काढलीये. ज्यांच्याकडे मी तो अंक मागितला होता त्यांनी शोधणं थांबवा, सॉरी.