ऑस्ट्रेलियातील खरेदीवरचा जीएसटी परत मिळवताना

ऑस्ट्रेलियात वस्तूच्या छापील किमतीतच 10 टक्के जीएसटी धरलेला असतो आणि प्रवाशाला तो देश सोडताना परत मागता येतो, हे मेलबर्नला स्थायिक झालेल्या माझ्या मावसबहिणीने आधीच सांगून ठेवले होते. त्यामुळे कोणती वस्तू कुठे घ्यायची, हे आम्हाला विचारपूर्वक ठरवता आले. एकाच व्यावसायिकाकडे, म्हणजे एकाच एबीएन (व्यवसाय नोंदणी) क्रमांकावर, किमान 300 डॉलरची खरेदी व्हावी लागते. बिले निरनिराळी असली तरी चालतात, मात्र ती निघण्यापूर्वीच्या 60 दिवसांतली हवीत.

या नियमामुळे मेलबर्नच्या, 1878 पासून भरणाऱ्या क्वीन व्हिक्टोरिया मार्केटमधील किरकोळ खरेदीचा परताव्याला उपयोग होत नाही, कारण तिथला प्रत्येक गाळा स्वतंत्र व्यावसायिकाचा असतो. तरीही तिथे जायलाच हवे. साखरेत घोळवलेला गरम डोनट फोडताच आतला वाफाळता जॅम बोटांवर ओघळतो, तो उभ्या-उभ्याच खावा. सोमवारी आणि बुधवारी हा बाजार बंद असतो.

सासूबाईंसाठी मेरिनो लोकरीची शाल आणि घरच्यांचे स्वेटर आम्ही मुद्दाम एकाच दुकानातून घेतले. ओपलची कर्णफुले सिडनीच्या 'द रॉक्स' भागात घेतली आणि त्या खरेदीत मी सर्वाधिक वेळ घालवला. अखंड ओपल आणि डब्लेट, म्हणजे गडद पाठीवर चिकटवलेला ओपलचा पातळ काप, समोरून जवळजवळ सारखेच दिसतात. खडा आडवा धरून कडेने पाहिला की डब्लेटमध्ये जोडाची सरळ रेघ दिसते. कोंदण मागून बंद असेल तर ती झाकली जाते, म्हणून मी उघड्या कोंदणाची जोडी निवडली आणि खडा अखंड असल्याचे बिलावर लिहून घेतले. बिल 1,000 डॉलर किंवा त्याहून अधिक असेल, तर त्यावर खरेदीदाराचे नाव असणे बंधनकारक आहे; तेही तिथेच घालून घेतले.

परताव्याच्या या योजनेला टीआरएस म्हणतात. तिच्या अ‍ॅपमध्ये आदल्या रात्री बिलांचा तपशील भरून क्यूआर कोड तयार ठेवला. खिडकी पारपत्र तपासणीच्या पलीकडे असल्याने शाल, स्वेटर आणि कर्णफुले हातातल्या बॅगेत ठेवली होती. अधिकाऱ्यांनी पारपत्र, बोर्डिंग पास आणि मूळ बिले पाहिली, शाल दाखवायला सांगितली आणि दावा नोंदवून घेतला. कर किमतीतच धरलेला असल्याने परतावा बिलाच्या 10 टक्के नसून अकरावा हिस्सा, म्हणजे 330 डॉलरवर 30 डॉलर असतो. आम्ही तो क्रेडिट कार्डावर मागितला आणि यथावकाश जमा झाला.

उड्डाणाच्या 30 मिनिटे आधीपर्यंतच दावा स्वीकारतात आणि रांग लांब असू शकते, तेव्हा विमानतळावर लवकर पोहोचावे. मोठ्या बाटलीतले अत्तर किंवा वाइन हातातल्या बॅगेतून नेता येत नसेल, तर सामान चेक-इन करण्यापूर्वीच ती बॉर्डर फोर्सच्या अधिकाऱ्यांना दाखवून बिलावर शिक्का घ्यावा.