मटकीतलं लोह अंगी लागावं म्हणून

शाकाहारी जेवणात लोह असतं, पण ते शोषलं कमी जातं. कडधान्यांतलं फायटेट नावाचं द्रव्य त्याला धरून ठेवतं; भिजवून मोड आणले की ते कमी होतं. म्हणून मटकी ८ तास भिजवा, पाणी फेकून द्या आणि ओलसर फडक्यात १२ तास बांधून ठेवा. लांबलचक मोडांचा हट्ट नको, अर्धा सेंटिमीटर पुरे. फडक्यात पाणी साचलं तर मटकी बुळबुळीत होते, आंबूस वास येतो; ती सरळ टाकून द्यावी.

लिंबू ताटात वाढल्यावरच पिळा. उकळत्या रश्श्यात क जीवनसत्त्व नासतं, आणि लोह शोषायला तेच तर हवं असतं! जेवणावर लगेच चहा नको, तासभर थांबाच. त्यातलं टॅनिन लोह अडवतं.

बी-१२ जीवनसत्त्व मात्र कुठल्याच कडधान्यात नाही. दूध-दहीही घेत नसाल तर डॉक्टरांना विचारून गोळी घ्याच.