आमची वाटचाल: एका कुंडीत नांदणारी झाडं

लातूरच्या बाहेर, सासऱ्यांच्या थोड्याशा जागेवर 2011 साली आम्ही रोपवाटिका सुरू केली. गुलाब, मोगरा, कढीपत्ता आणि शोभेची झाडं असा नेहमीचा माल होता. पावसाळ्यात गर्दी, होळीनंतर शुकशुकाट. मिश्र कुंड्यांच्या कामाला आम्हाला ग्राहकांनीच लावलं. लातुरात शिकवणी वर्ग आणि दवाखाने दाटीवाटीने आहेत. त्यांच्या दारात बागेला जागा कुठली? फार तर एखादी रुंद पायरी असते. तिथे एकटं झाड उघडं वाटतं. त्याच कुंडीत तीन-चार जाती नीट बसवल्या तर आत जाणारा माणूस क्षणभर थांबून बघतो.

रचना शिकायला फार वेळ लागत नाही. एक उंच झाड, एक भरीचं आणि एक काठावरून खाली ओघळणारं. कुंडी भिंतीला लागून असेल तर उंच झाड मागे, चारही बाजूंनी दिसणार असेल तर मधोमध. उंची कुंडीच्या साधारण दीडपट ते दुप्पट असली की डोळ्याला तोल बरा वाटतो. रंगाचं म्हणाल तर मी फुलांपेक्षा पानांवर जास्त भरवसा ठेवते. फुलं येतात-जातात, पान बारा महिने दिसतं. पैठणीत अंगाचा रंग एक आणि काठ वेगळा असतो, म्हणून तर दोन्ही उठून दिसतात. कुंडीतही मी दोनच ठळक रंग घेते, बाकी सगळं हिरवं.

पण एका कुंडीत कोण कोणाबरोबर नांदेल हे पाणी ठरवतं. 2016 चा उन्हाळा लातूरकर विसरणार नाहीत. मांजरा धरण आटलं होतं आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीत 5 लाख लिटर पाणी होतं. घरात प्यायला पाणी मोजून वापरणाऱ्या माणसाला झाड विकायचं कोणत्या तोंडाने? त्या हंगामात आम्ही विक्री जवळपास थांबवली आणि असलेली झाडं भांड्या-कपड्यांच्या पाण्यावर जगवली. कोणतं झाड किती दिवस तग धरतं हे तेव्हा रोज डोळ्यांसमोर दिसत होतं. तेव्हापासून आमच्याकडची रोपं तहानेप्रमाणे लावलेली आहेत, आणि एका कुंडीत जाणारी सगळी झाडं एकाच ओळीतून उचलायची हा आमचा नियम आहे.

कडक उन्हाच्या पायरीसाठी माझी आवडती जोडी सांगते. मध्ये फाउंटन ग्रास, भोवती पांढरी सदाफुली, काठावर पर्पल हार्ट. उन्हात पर्पल हार्टचा जांभळा रंग आणखी गडद होतो, त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांतच ही कुंडी खुलून दिसते. सावलीच्या व्हरांड्यात सेन्सेव्हेरिया, ऱ्हिओ आणि लोंबता मनी प्लांट. कोलियस दिसायला कितीही देखणा असला तरी अडेनियमशेजारी मी तो लावणार नाही. एकाला रोज पाणी हवं आणि दुसऱ्याचं खोड त्याच पाण्याने कुजतं.

आपली काळी माती शेताला सोनं आहे, कुंडीत मात्र अडचण करते. वाळली की आकसते, कुंडीच्या कडेपासून सुटते आणि घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जातं. मुळं कोरडीच. म्हणून आम्ही लाल माती, कोकोपीट आणि गांडूळखत मिसळतो, वर थोडी निंबोळी पेंड. तळाला खडीचा जाड थर देत नाही. त्याने निचरा वाढत नाही, मुळांची जागा तेवढी कमी होते. भोकावर एक खापरी पुरते. माती झाकायला उसाचं पाचट किंवा सोयाबीनचं भुसकट घालतो, ते इथे मिळतंही सहज.

मनाला सगळ्यात भिडलेलं काम एका दगडी डोणीचं. औसा तालुक्यातल्या एका आजोबांच्या जुन्या वाड्यात जनावरं तिच्यात पाणी प्यायची. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपात वाडा गेला, डोण राहिली. नवीन घरासमोर तिच्यात झाडं लावायची होती, पण भोक पाडायचं म्हटल्यावर ते कासावीस झाले. “तडकंल का गं माय?” “नाही तडकत काका, सावकाश घेतो.” माझ्या दिरांनी ड्रिलचा ठोका बंद ठेवला, हिऱ्याचा बिट लावला आणि वरून पाण्याची धार धरली. काळ्या दगडातून राखाडी पाणी वाहत राहिलं. आजोबा शेवटपर्यंत डोणीवर हात ठेवून उभे होते. त्यात आम्ही कोरफड, सदाफुली आणि ऑफिस टाइम नावाची छोटी फुलझाडं लावली. त्यानंतर आजूबाजूच्या गावांतून डोणी येऊ लागल्या, घंगाळं येऊ लागली. या कामाचा मला फार अभिमान आहे.

लहान मुलांच्या दवाखान्यात किंवा शाळेत आम्ही कण्हेर, अडेनियम आणि डायफेनबेकिया लावत नाही, ग्राहकाने हट्ट धरला तरी. ही झाडं विषारी आहेत. ऑर्डर गेली तर जाऊ द्या.

आज विक्रीइतकंच काम देखभालीचं आहे. आमच्या मावशी ठरलेल्या दिवशी जातात, वाढ छाटतात, बोअरच्या जड पाण्याने कुंडीच्या काठावर साचलेला पांढरा क्षार पुसून काढतात. यंदा कोरांटी आणि शतावरीची रोपं आम्ही स्वतः वाढवायला घेतली आहेत. दोन्ही आपल्या हवेतली, कमी पाण्यावर राहणारी. दसऱ्याच्या सुमाराला ती कुंड्यांमध्ये बसवायला तयार होतील.