आमची वाटचाल: 77 चा आकडा आणि 36 कार्डं

आम्ही पुण्यात क्रॉस-कल्चरल ट्रेनिंग करतो, म्हणजे वेगवेगळ्या देशांच्या लोकांना एकत्र काम करायला शिकवतो. या धंद्यात असलेल्या कुणालाही 77 म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. पॉवर डिस्टन्स, म्हणजे वरिष्ठ-कनिष्ठ यांच्यातलं अंतर लोक किती गृहीत धरतात त्याचं माप: भारत 77, ब्रिटन 35. समाजमानसशास्त्रज्ञ हॉफस्टेड यांनी 1967 ते 1973 दरम्यान आयबीएमच्या कर्मचाऱ्यांकडून भरून घेतलेल्या प्रश्नावल्यांतून निघालेला हा आकडा. आमच्याही पहिल्या प्रेझेंटेशनमध्ये तो तिसऱ्या स्लाइडवर होता. इंग्लंडहून आलेल्या मॅनेजरला सांगायचं, इथला माणूस वरिष्ठाला तोंडावर 'नाही' म्हणत नाही, सवय करून घ्या. मॅनेजर खूश, एचआर खूश, पुढच्या बॅचची पीओ (खरेदीची ऑर्डर) हातात.

पण एका कंपनीच्या नोकरदारांवरून काढलेला आकडा अख्ख्या देशाचा स्वभाव म्हणून दाखवला की पुढचे प्रश्न बंद होतात. बढतीचे नियम कुणी केले, मीटिंगची वेळ कुणी ठरवली, हे कुणी विचारत नाही. चाकणच्या एका कारखान्यातल्या एचआर मॅडमनी ही स्लाइड बघून एवढंच विचारलं, "मग माझी पोरं कॅन्टीनमध्ये एवढी कशी बोलतात?" ती स्लाइड निघाली आणि तिच्या जागी टेबलावर चर्चेसाठी द्यायची कार्डं आली. मॅडमनी पुढे दोनदा नोकरी बदलली. दोन्ही ठिकाणी पहिली बॅच आमची.

एका संचात 36 कार्डं, ए-सिक्स आकार, 300 जीएसएमचा जाड कागद, मॅट लॅमिनेशन. ग्लॉसी करू नका, ट्यूबलाइट चमकते आणि मागे बसलेल्याला काही वाचता येत नाही. 24 जणांची बॅच, सहा-सहांची चार टेबलं, प्रत्येक टेबलावर एक संच.

सगळ्यात चालणारं कार्ड 14 नंबरचं. पुढच्या बाजूला फक्त नियम: 'वरच्या पदाची निवड मुख्यालयाच्या शहरातच होईल. भाषा मुख्यालयाची. प्रवासखर्च उमेदवाराचा.' ही कोणती कंपनी, ओळखा. लोक हसत हसत आपापल्या ग्लोबल लीडरशिप प्रोग्रॅमचं नाव घेतात. मग कार्ड उलटायचं. मागे ब्रिटिश राजवटीतल्या सनदी सेवेची परीक्षा: 1855 पासून, फक्त लंडनला. वयाची कमाल मर्यादा 1870 च्या दशकात 21 वरून 19 वर आणली. दादाभाई नौरोजी ब्रिटिश संसदेच्या कॉमन्स सभागृहात असताना, 1893 मध्ये, परीक्षा हिंदुस्थानातही घ्यावी असा ठराव तिथे मंजूर झाला. प्रत्यक्षात ती इथे सुरू झाली 1922 मध्ये. उलटण्याआधी तीन मिनिटं पूर्ण द्या. घाई केली की इतिहासाचा तास होतो आणि गोरा मॅनेजर अंग चोरून बसतो.

सगळं खापर इंग्रजांवर फोडायचं सेशन आम्ही घेत नाही. 'साहेब' हा शब्द अरबीतून आलेला, इंग्रजांच्या आधीचा, आणि उतरंड पेशवाईतही होतीच. 21 नंबरचं कार्ड म्हणूनच आहे: 1882 साली हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी मांडलं होतं की सरकारचा महसूल येतो रयतेच्या घामातून आणि शिक्षणावरचा खर्च जातो वरच्या वर्गांकडे. हे कार्ड आलं की खोलीतली आपली माणसं गप्प होतात. इंग्रजी माध्यमातला टीम लीड आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेला इंजिनिअर एकाच टेबलावर असतात, आणि परदेशी मॅनेजर दोघांना 'इंडियन टीम' या एकाच खान्यात टाकून मोकळा झालेला असतो. जो फाडफाड इंग्रजी बोलतो तोच त्याला 'लीडरशिप मटेरियल' वाटतो.

इथे प्रिव्हिलेज वॉक करू नका. एका ओळीत उभं करून 'आईवडील पदवीधर असतील तर एक पाऊल पुढे' हा अमेरिकी खेळ आपल्याकडे अंगाशी येतो. आडनावावरून निम्मी माहिती लोकांनी आधीच काढलेली असते. मागे उरलेला माणूस पुढच्यांच्या शिक्षणाचं साहित्य बनतो आणि सोमवारी त्याच लाइनवर कामाला येतो. आम्ही 12 विधानांच्या चिठ्ठ्या देतो, नाव न लिहिता टिक, डब्यात, मिसळून दुसऱ्याच टेबलाकडे मोजणीला. पेनं सगळ्यांना एकाच रंगाची. चर्चा आकड्यांवर करायची, माणसांवर नाही.

2020 च्या मार्चमध्ये कोरोनामुळे सगळ्या बॅचेस रद्द झाल्या. आधीची बिलं नव्वद दिवसांच्या क्रेडिटवर अडकलेली, जागेचं भाडं चालू, कार्डांचे गठ्ठे कपाटात. त्याच वेळी शहरातल्या एका प्रतिस्पर्ध्याने नव्वद मिनिटांचं वेबिनार निम्म्या दरात काढलं. आत काय? तोच 77, आणि आमची कार्डं स्लाइडवर चिकटवलेली. आमच्या दुसऱ्या छपाईत 1922 च्या जागी चुकून 1932 पडलं होतं. त्यांच्या स्लाइडवरही 1932. आम्ही ओरडलो नाही. पुरावा होता, वकिलाची फी नव्हती.

ऑनलाइनचं गणित बसायला आठ महिने लागले. निनावी पोलमध्ये आठांपेक्षा कमी उत्तरं असतील तर निकाल दाखवायचा नाही. नाहीतर कुणी काय टिक केलं हे सहज ओळखू येतं. मॅनेजरांची ब्रेकआउट रूम (ऑनलाइन सेशनमधली छोट्या गटाची खोली) पहिली चाळीस मिनिटं वेगळी. आणि शेवटी महिन्याभराच्या मीटिंगांची यादी सगळ्यांसमोर उघडायची. लंडनची दुपारी 2 ची मीटिंग पुण्यात हिवाळ्यात साडेसातला, उन्हाळ्यात साडेसहाला. कंपनीची बस तोवर निघून गेलेली असते. चारातली एक मीटिंग लंडनच्या सकाळी 8 ला घ्या, मिनिट्स (मीटिंगचा वृत्तांत) आळीपाळीने लिहा, एवढ्या दोनच गोष्टी लेखी मागतो. मिनिट्सला सहसा कुणी नाही म्हणत नाही. सकाळी 8 म्हटलं की तिकडून उत्तर येतं, "आमच्याकडे मुलांना शाळेत सोडायची वेळ असते." ते वाक्य आम्ही व्हाइटबोर्डवर जसंच्या तसं लिहितो आणि पुणेकरांना विचारतो, साडेसातला तुमच्या घरी काय चालू असतं?