त्याचं काय बाबा, देवाचीच देणगी!

आमच्याकडं पहाटे भरतीची पोरं ग्राउंडवर सोळाशे मीटर पळायलेली असतात, एखादा पुढं निघाला की बाकीचे लगेच म्हणतात देणगीय त्याला. मग विषय जातो अविनाश साबळेवर. बीडच्या मांडव्याचा, शेतकऱ्याचं पोरगं, बारावीनंतर फौजेत गेला अन् रेसिंगचं खरं तिथंच सुरू झालं. २०२२ ला बर्मिंगहॅमच्या कॉमनवेल्थ गेम्समध्ये स्टीपलचेसला, म्हणजे अडथळ्यांवरून उड्या मारत पळायच्या शर्यतीत, ८ मिनिटं ११.२० सेकंद, सिल्व्हर, गोल्ड हुकलं सेकंदाच्या पाच शतांशानं! आता त्यात टॅलेंट किती अन् मेहनत किती, कोण मोजणार? अंगात काहीतरी असतंयच म्हणा, फुफ्फुसं काय सगळ्यांना सारखी मिळत नसतात. पण शेजारच्याचं टायमिंग बघून बूट काढून बसणारे लई बघितलेत.

भाच्याला म्हणलं, फक्त स्वतःचं टायमिंग वहीत लिहीत जा. तर म्हणतो, मामा, मेरिट तर दुसऱ्याच्याच टायमिंगवर लागतंय ना!